डीए सिलिंडर आणि एलपीजी एकच? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, ॲसिटिलीन या वेल्डिंगच्या गॅसवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी उगाच बाऊ करतोय, एलपीजी पण हायड्रोकार्बन (कार्बन आणि हायड्रोजनचा बनलेला) आणि ॲसिटिलीन पण हायड्रोकार्बन, म्हणजे एकच जात, तुम्ही 20 वर्षं फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहात आणि डीएचा, म्हणजे ॲसिटिलीनचा सिलिंडर टेम्पोत आडवा टाकूनच आणता, आजवर काही झालं नाही. शिवाय आंब्याच्या बाबतीत मी गॅसलाच विष म्हणालो ते चूक आहे.

आधी तुमचं बरोबर ते. आंब्याच्या पेटीत कार्बाइडची पुडी ठेवली की हवेतल्या ओलाव्याने ॲसिटिलीन सुटतो आणि तो इथिलीनसारखाच फळाला पिकायला लावतो, त्या गॅसला विष म्हणणं ही माझी चूक, लेखात दुरुस्त केलंय. खरा त्रास बाजारू कार्बाइडमधल्या भेसळीचा, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. तो जो लसणासारखा उग्र वास येतो ना, तो फॉस्फिनसारख्या अशुद्धींचा, शुद्ध ॲसिटिलीनला जवळपास वासच नाही. म्हणून कायद्याने कार्बाइड बंद आणि इथिलीन 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) चालतं. आणि नुसतं कटिंगच करायचं असेल तर एलपीजी स्वस्त पडतो, हेही तुमचं मान्य.

पण "एकच जात" हे मात्र अजिबात मान्य नाही. एलपीजीला भडकायला हवा लागते. ॲसिटिलीनच्या दोन कार्बनमध्ये तिहेरी बंध असतो, त्यात इतकी ऊर्जा दाबून भरलेली असते की मोकळ्या गॅसचा दाब साधारण एक बारच्या, म्हणजे 15 पीएसआयच्या वर गेला तर एखादा धक्का किंवा उष्णता मिळाली की तो हवेशिवायसुद्धा आपला आपण फुटू शकतो, कार्बन आणि हायड्रोजन वेगळे होतात आणि स्फोट. हवेत मिसळला तरी एलपीजी साधारण 2 ते 9 टक्क्यांच्या मधेच पेट घेतो, ॲसिटिलीन मात्र अडीच टक्क्यांपासून पार 80 टक्क्यांपर्यंत. ऑक्सिजनबरोबर 3100 डिग्रीच्या आसपास जाणारी ज्योत मिळते तीही याच ऊर्जेमुळे, म्हणून तर पत्र्याच्या गॅस वेल्डिंगला आपण हाच गॅस वापरतो.

मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. आमच्याकडे मधोमध कापलेला एक जुना डीए सिलिंडर ठेवलाय, नवीन बॅच आली की पहिल्यांदा तो दाखवतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, सर, हा आतून भरीव कसा? बोट लावलं तर खडूसारखी पांढरी भुकटी लागते. आत सगळा सच्छिद्र दगडासारखा माल असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं आणि त्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळवलेला, म्हणूनच त्याला डिझॉल्व्ड ॲसिटिलीन, आपल्या तोंडी डीए. एक लिटर ॲसिटोन साध्या दाबालाच 25 लिटरच्या आसपास गॅस पिऊन घेतं. गॅस कुठेही मोकळा साचू नये म्हणून हा सगळा खटाटोप. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी असा न तडकणारा माल बनवला, दीपगृहांच्या गॅसदिव्यांच्या कामासाठी त्यांना 1912 चं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी ॲसिटिलीनच्याच स्फोटात त्यांचे दोन्ही डोळे गेले. इतकं जाणणाऱ्या माणसाचे गेले हो.

आता आडवा का नको ते बघा. आडवा पडला की ॲसिटोन वॉल्व्हकडे येतं. एकदा आमच्याच पोरांनी टेम्पोतून आडवा आलेला सिलिंडर उतरवला आणि लगेच रेग्युलेटर लावून पेटवला, तर ज्योत फडफडायला लागली, नोझलवर ओलं काहीतरी थुंकल्यासारखं आलं, नंतर रेग्युलेटर उघडला तर आतला रबरी पडदा फुगून मऊ पडलेला. आणि जितकं ॲसिटोन बाहेर गेलं तितका आतला गॅस धरून ठेवणारं कमी झालं, ते बाहेरून दिसत नाही. तुमचा सिलिंडर आडवा आलाच असेल तर निदान काही तास, शक्यतो रात्रभर उभा ठेवा आणि मगच जोडा.

पण दादा, मला झोप लागली नाही ती तुमच्या शेवटच्या ओळीने. नळी फाटली म्हणून एसीच्या तांब्याच्या पाइपाचा तुकडा घालून जोडलीय, वर्षभर चाललंय, असं तुम्ही लिहिलंय. ॲसिटिलीन आणि तांबं एकत्र आलं की तांब्याचं ॲसिटिलाइड तयार होऊ शकतं, ते सुकलं की नुसत्या घासण्याने किंवा ठोक्यानेही फुटतं. त्यामुळे तो जोड खोलायचा नाही, हलवायचा नाही, पकडीने पिळायचा तर नाहीच. ॲसिटिलीन आणि ऑक्सिजन, दोन्ही सिलिंडर बंद करा, आजूबाजूला काही पेटलेलं नको, जोडाच्या दोन्ही बाजूंनी वीतभर अंतर सोडून नळी कापा आणि तो तुकडा तसाच पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. मग गॅसवाल्याला फोन करून विचारा त्याचं काय करायचं. ॲसिटिलीनची नवी लाल नळी अखंड घ्या आणि तिला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी नळीत शिरली तर अडवणारा) लावा. झालं की इथेच खाली दोन शब्द टाका, मी वाट बघतोय.