वीस तासांची भांडी

सांगलीच्या घरी बावीस वर्षांत मी चहाचा कपसुद्धा विसळलेला नाही. फुशारकी म्हणून नाही, पुढचं नीट कळावं म्हणून सांगतोय. कारण अमेरिकेत येऊन मी आयुष्यातली पहिली मुलाखत दिली ती भांडी घासायच्या नोकरीसाठी. रीतसर, इस्त्रीचा शर्ट घालून.

“या क्षेत्रातला काही अनुभव?” डायनिंग हॉलच्या सुपरवायझरबाईंनी विचारलं.

“घरी, थोडाफार,” मी म्हणालो. आई तिथे नव्हती म्हणून निभावलं.

आमच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, वेगळी परवानगी नसेल तर, सत्र चालू असताना काम करायचं ते कॅम्पसवरच, आणि तेही आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. त्यामुळे ऑगस्टच्या शेवटी अख्खा परदेशी विद्यार्थीवर्ग त्याच दहा-बारा खुर्च्यांवर तुटून पडतो. लायब्ररीच्या काउंटरची नोकरी म्हणजे आमच्यातली सरकारी नोकरी: बसायला खुर्ची, वर एसी आणि स्वतःचाच अभ्यास करायचा पगार. ती जाहिरातीत येतच नाही, सीनियर जाताना आपल्या माणसाच्या हवाली करून जातो. जाहिरातीत येतात त्यातल्या बऱ्याच जागांपुढे ‘वर्क-स्टडी’ लिहिलेलं असतं. मी उत्साहाने अशा नऊ ठिकाणी अर्ज ठोकले. तो पैसा अमेरिकी सरकारचा आणि तिथल्याच पोरांसाठी असतो, हे दहाव्या वेळी कळलं. प्राध्यापकांना ‘टीए, म्हणजे शिकवायला मदतनीस, हवा का’ म्हणून चाळीस मेल टाकले. एकाचं उत्तर आलं. ते रजेवर होते.

नोकरी लागली की सोशल सिक्युरिटी नंबर काढायचा. त्याला नोकरीचं पत्र लागतं, त्या पत्रावर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची सही लागते, आणि मग पासपोर्ट, आय-२० हा विद्यापीठाने दिलेला व्हिसाचा कागद वगैरे फाईल काखेत मारून सरकारी कचेरी गाठायची. सातबाऱ्यासाठी काकांबरोबर तलाठ्याकडे हेलपाटे घातलेला माणूस मी, भांडायच्या पूर्ण तयारीने गेलो. वीस मिनिटांत काम झालं. बाहेर आलो तर चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

तर डिशरूम. भिंतीला एक खिडकी, खिडकीतून सरकत येणारा पट्टा आणि पट्ट्यावर ताटल्या. पलीकडची माणसं दिसत नाहीत, फक्त हात दिसतात. महिनाभरात मी वर्गातल्यांना अंगठ्यांवरून आणि घड्याळांवरून ओळखायला लागलो. सेमिनारमध्ये भुकेल्या जगाबद्दल गळा दाटून बोलणारा एक हात रोज अख्खा बर्गर टाकून जातो. कुणी ग्लासात पेपर नॅपकिन कोंबतं, ते भिजून तळाशी असं बसतं की दोन बोटं घालून ओढावं लागतं. आणि पीनट बटर हा पदार्थ खाण्यासाठी नसून सुरीला चिकटण्यासाठी शोधलेला आहे, याबद्दल माझी आता खात्री आहे. वरून लोंबकळणाऱ्या नळीने फवारा मारला की पाणी ताटलीवरून उलटं येऊन कोपरावाटे हातमोज्यात शिरतं. तासाभरात बोटं भिजवलेल्या शेंगदाण्यांसारखी होतात.

आईने व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पावडर कुठली वापरतात?” बाबांनी मात्र गल्लीत ‘विद्यापीठात लागला’ एवढंच सांगितलं होतं. “शिकवतो का?” शेजारच्या काकूंनी विचारलं. “नाही, ॲडमिनला आहे,” बाबा म्हणाले.

सप्टेंबरात करिअर फेअर. उसना कोट, बत्तीस रेझ्युमे, रांगेत पाऊण तास आणि बोलणं पाऊण मिनिट. “पुढे कधी व्हिसासाठी कंपनीची मदत लागेल?” हो म्हटलं की समोरच्याचं हसू तसंच राहतं, नजर तेवढी मागच्या मुलाकडे जाते. पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणणारी मंडळी मी दोन बहिणींच्या वेळी पाहिली आहेत, त्यामुळे नजर ओळखू येते. खरं तर पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि आम्हा स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणितवाल्यांना) वर आणखी २४ महिने मिळू शकतात, तोवर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची भानगड कंपनीच्या गळ्यात नाही. पण हे पाऊण मिनिटात सांगून होत नाही. मी अकरा पेनं आणि एक मोज्यांचा जोड घेऊन परत आलो.

तरी एप्रिलमध्ये एका छोट्या कंपनीने उन्हाळ्याची इंटर्नशिप दिली. त्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही. मुलाखतीत ‘कामाचा ताण आला तेव्हा काय केलंस’ यावर मी रविवारी दुपारी डिशरूममधलं मशीन अडकलं होतं तो किस्सा सांगितला आणि बहुतेक त्यावरच निवड झाली.

आता गंमत. इंटर्नशिपसाठी सीपीटी, म्हणजे शिकता शिकता कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी, हवं. सीपीटी हवं तर ते काम अभ्यासक्रमाचा भाग हवं. म्हणून आमच्या विभागात एक क्रेडिटचा उन्हाळी कोर्स घ्यावा लागतो, ज्यात वर्ग नाही, मास्तर नाही, फी आहे: १,३८० डॉलर. पूर्वी मी डॉलरचे रुपये करायचो, हल्ली भांडी करतो. ताशी साडेअकराने भागलं. १२० तास. आठवड्याला वीस धरले तरी सहा आठवडे.

सुपरवायझरबाईंना बातमी सांगायला गेलो. त्यांनी मनापासून अभिनंदन केलं आणि म्हणाल्या, “रविवारची शिफ्ट कुणी घेत नाहीये रे. चार तास. जमेल?”

त्या आठवड्याचे माझे सोळा झाले होते.

“घेतो की,” म्हटलं आणि खुंटीवरचे हातमोजे काढले. डावा अजून ओलाच होता.