मामाच्या उशाशी हवालदाराची टोपी

आज सकाळी तळजाईला फिरताना आमच्यातले एक काका म्हणाले, "आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता तेच बरं होतं. कायद्याचा धाक नको?" काही न बोलता घरी आले. तेव्हापासून डोकं तापलंय.

१९९७. माझ्या मामानं जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचला. मी बारावीत होते, मामीला सोबत म्हणून दवाखान्यात बसायचे. दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. टोपी काढून मोसंब्यांच्या पिशवीशेजारी ठेवली. मामाच्या हाताला सलाईन, तोंडातून आवाज फुटेना. तेव्हाच्या दंड संहितेचं कलम ३०९, आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत साधी कैद. मेला नाही म्हणून शिक्षा!

कुणाचं नुकसान केलं त्यानं? घरच्यांचं, म्हणाल. बरं, केलं. पण मामी तर त्या हवालदारापुढे हात जोडून उभी होती.

हे कलम इंग्रजांनी १८६० ला आणलं. त्यांच्याकडे आत्महत्या म्हणजे देवाचा अपराध. मेलेल्याची मालमत्ता जप्त करायचे, दफनविधी नाकारायचे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चंही तेच. चर्चच्या कोर्टातलं पाप आठव्या हेन्रीनं १५३३ ला फाशीचा गुन्हा केलं आणि आपण ते २०१८ पर्यंत 'आपली संस्कृती' म्हणून कवटाळलं! खुद्द इंग्लंडनं आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा १९६१ लाच रद्द केला. आपल्या सुप्रीम कोर्टानं ३०९ रद्द केलं १९९४ ला, १९९६ ला परत वैध ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी ती टोपी मामाच्या उशाशी.

कुणी म्हणेल, स्वतःचा जीव धोक्यात घातला तर हेल्मेटसक्तीतही दंड होतो, आणि त्यात कुठला धर्म नाही. मान्य. पण हेल्मेट नसलेल्याला कुणी पापी म्हणत नाही. मामाला म्हणाले, नातेवाईकच म्हणाले.

त्या हवालदाराला मी दोष देत नाही. जाताना तो हळूच म्हणाला, "वहिनी, यांना एकटं सोडू नका." कामाचं तेवढंच होतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही तेच सांगतो, माणूस ताणाखाली आहे असं धरा, शिक्षा नको, उपचार द्या. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ घेतलंच नाही.

मामा हे बघायला राहिला नाही. गुन्हा पुढे चालला नाही, पण लक्ष्मी रोडला विसर्जनाची मिरवणूक बघायला तो पुन्हा कधी आला नाही. चौकाचौकात बंदोबस्त असतो ना.

उद्या काकांना बाकावर बसवून हे सगळं सांगणार आहे.