सोलर असताना जनरेटर कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गाडीत मुक्काम करताना बॅटऱ्या जनरेटरवर भरण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "छतावर सोलर असताना जनरेटर कशाला? नडलंच तर गाडीचं इंजिन तासभर चालू ठेवायचं. रानात फटफट आणि धूर करायला लोकांना शिकवू नका." शेवटचं वाक्य मला पटलं, त्यावर खाली लिहितो. आधीची दोन पटली नाहीत.

मार्चमध्ये मसाई पठारावर माझ्या पॅनेलनी दुपारपर्यंत बॅटऱ्या भरून दिल्यात. पण जुलैत गगनबावड्याला ढग रस्त्यावर उतरलेले असतात. गेल्या पावसाळ्यात तिथं तीन दिवस होतो. २०० वॅटच्या पॅनेलमधून भर दुपारी दीड अँपिअर येत होता. फ्रिज, दिवे आणि पंखा मिळून माझा रोजचा खर्च ५५ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर). सांगा, कुठून भागवायचा?

इंजिनचा उपाय मी तिथंच करून पाहिला. फ्रिज-दिवे चालवणाऱ्या मागच्या बॅटरीच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावला, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा मीटर. सुरुवातीला १४ अँपिअर, वीस मिनिटांत ९. गाडी उभी असताना अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) मंद फिरतो आणि लांब वायरीत व्होल्टेज पडतं. डिझेल मात्र जळत राहतं. चालत्या गाडीत डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरच्या विजेवर मागची बॅटरी नीट भरणारा) असेल तर गोष्ट वेगळी, तो जरूर बसवा.

जनरेटरवर १२ व्होल्टचं सॉकेट असतं, त्याचा मोह नको. माझ्या मशीनवर ते जेमतेम ८ अँपिअरचं आहे आणि बॅटरी कितपत भरली हे त्याला कळत नाही. माझी एक अख्खी सकाळ त्यात गेली. २३० व्होल्टच्या सॉकेटला नीट चार्जर लावायचा. ३० अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे ४३२ वॅट, त्यात चार्जरचं नुकसान धरलं तरी १ केव्हीएचं मशीन पुरतं. दोन तासांत ६० अँपिअर-अवर, म्हणजे दिवसाचा खर्च निघाला.

आणि मग बंद करायचं. माझ्यासारखी ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड प्रकारची, बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भराभर घेते, पुढं करंट उतरतो: ३०चा २०, २०चा १२. त्या उरलेल्या थोड्यासाठी आणखी चार-पाच तास पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही. ते काम उन्हाचं, नाहीतर कोल्हापुरात परतल्यावर रात्रभर घरच्या लाईटवर. ते टाळूही नका, अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं. लिथियम बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत करंट घेते, तिथं हे गणित बदलतं.

आता फटफट. दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यात जनरेटर नेऊच नये, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. ते गव्यांचं घर आहे. बाकी ठिकाणीही सकाळी नऊनंतर, शेजारी दुसरा तंबू असेल तर विचारून.

धुराचं त्याहून गंभीर. पाऊस आला की माणसं मशीन गाडीच्या ताडपत्रीखाली ओढतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आत झोपलेल्याला काही कळतच नाही. मशीन किमान वीस फूट लांब, धुराचं तोंड गाडीपासून उलट, आणि वर छप्पर असेल तर चारी बाजू मोकळ्या. तशी सोय नसेल तर त्या दिवशी फ्रिज बंद ठेवा. हा भाग लेखात आजच घातला आहे.

तुमच्या गाडीत इंजिन उभ्या उभ्या किती अँपिअर देतं, ते एकदा मोजून कळवाल का? डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. नसेल तर माझा घेऊन जा, मी कोल्हापुरातच आहे.