गिदोनाची लोकर आणि दुसरं गेट

देव आपली काळजी घेतो, यावर माझा विश्वास आहे. अडचण एवढीच, की ती काळजी ओळखण्याचं खातं आमच्या घरात आत्याकडे आहे. गॅस संपला, देवाची काळजी. खानापूरची बस चुकली, देवाची काळजी. पुढच्या बसमध्ये उभ्यानं यावं लागलं, तर "गुडघे मोकळे झाले बघ!" आमच्या ख्रिस्ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला ती उभी राहिली की पाळकसाहेब हळूच घड्याळाकडे बघतात.

श्रद्धेची परीक्षाच द्यायची असेल तर बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर यावं. तिसऱ्या गेटवर पूल झाला. दुसरं मात्र नेमकं रविवारी, उपासनेच्या वेळी पडतं. जुलैचा पाऊस, स्कूटरवर मागे आत्या, तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत बायबल, आणि तिच्या छत्रीची धार बरोबर माझ्या कॉलरीत. गेटच्या दोन्ही बाजूंना लोकांनी अख्खा रस्ता व्यापलेला, म्हणजे गेट उघडलं तरी कुणीच हलायचं नाही.

"आत्या, ही पण काळजीच काय?"

"मग! गाडीखाली जाऊ नये म्हणूनच पाडतात की गेट."

यावर काय बोलणार? आकाशातल्या पाखरांकडे पाहा, असं येशूनं सांगितलंय. पाखरांना गेट लागत नाही, एवढं मी मनात म्हणून घेतलं. बायबलातल्या गिदोनानं देवाकडे खूण मागितली होती: लोकर भिजू दे, जमीन कोरडी राहू दे. दुसऱ्या रात्री उलट. इथं जमीन ओली, लोकरही ओली. कोरडी फक्त आत्या.

तिला हसणं सोपं आहे. पण यजमान गेले त्या वर्षी तिनं कशालाच काळजी म्हटलं नव्हतं. देवळात यायची, मागच्या बाकावर बसायची, गाणं सुरू झालं तरी तोंड उघडायची नाही. शेजारची बाई रोज संध्याकाळी ज्वारीच्या दोन भाकऱ्या फडक्यात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवायची. हाक नाही, सांत्वन नाही. बऱ्याच दिवसांनी आत्या म्हणाली, "एलीया संदेष्ट्याला कावळे भाकर आणून देत होते." तिथून तिचा हिशेब पुन्हा सुरू झाला.

तर, गेट उघडलं आणि माझी स्कूटर बंद पडली. किक मारून मारून पाय दुखला. शेजारच्या रिक्षावाल्यानं पडदा वर केला, "बर्री अम्मा," म्हणाला. आत्या आत बसली आणि छत्री मिटून, मला हात हलवून निघून गेली. छत्रीसुद्धा घेऊन.

मी गाडी ढकलत पोचलो तेव्हा तिची साक्ष रंगात आली होती. "देवानं माझ्या भाच्याची गाडी बंद पाडली, म्हणून मी वेळेवर आले. रिक्षावाल्यानं पैसेपण घेतले नाहीत!"

सगळ्यांनी वळून दाराकडे पाहिलं. "आमेन," पाळकसाहेब म्हणाले, आणि फरशी पुसायला फडकं आणायला सांगितलं.