मशेरी भाजली की विष जळतं म्हणे!

गणपतीच्या तोंडावर वाड्यावाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागलाय. ‘कोकणी माणसाचे दात आत्ताच का पडू लागले?’ असा मथळा, खाली सहा मुद्दे आणि शेवटी ‘प्रत्येक आयाबहिणीपर्यंत पोचवा’. तो पोचला. नात्यातल्या एका सुनेला पाचवा महिना आहे. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तिने दाताच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. सासूबाईंनी मेसेज वाचून दाखवला, वेळ रद्द झाली आणि हातात मशेरीची डबी आली. आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून त्यालाच वेळ देतो. ‘आपल्या आज्या मशेरी लावायच्या म्हणून ऐंशीव्या वर्षी दात शाबूत होते. भाजल्यावर तंबाखूतलं विष जळतं, उरतं ते शुद्ध मंजन.’

तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं आणि बोटाने हिरड्यांना चोळत तोंडात धरून बसायचं, ही मशेरी. विष जळत असेल तर जिने जन्मात मशेरी लावली नाही तिला पहिल्याच चिमटीला गरगरतं का? आणि जिला सवय आहे, तिचं डबी सापडली नाही की डोकं का चढतं? निकोटीन तसंच शिल्लक असतं म्हणून. हिरड्यांच्या आणि गालाच्या पातळ आवरणातून ते सरळ रक्तात उतरतं. भाजल्याने कमी काही होत नाही, उलट भर पडते. पान करपताना बेंझोपायरीनसारखी, धुरात असतात तसलीच, कर्करोगकारक संयुगं तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली बिनधुराच्या तंबाखूवर आख्खा खंड काढला, क्रमांक ८९. त्यात मशेरीचं नाव आहे, आणि निष्कर्ष ‘माणसात कर्करोग करतो’ असा, शंकेला जागा न ठेवणारा. आपल्या केंद्र सरकारने तर १९९२ सालीच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. म्हणजे मेसेज ज्याला मंजन म्हणतो, ते मंजन म्हणून विकणंच बेकायदा आहे.

मशेरीने रक्त थांबतं असं बायका सांगतात. थांबतही असेल. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे सुजलेली हिरडी रक्त सांडून जी सूचना देत होती ती दबते. खाली हाड झिजणं चालूच राहतं. रोज बोट जिथे फिरतं तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि मुळावर इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक कवच, नसल्यामुळे तिथे कीड झपाट्याने लागते.

गरोदर बाईच्या हातात डबी देणाऱ्यांसाठी आणखी एक. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं.

आज्यांचे दात? एवढं मान्य करतो की त्यांच्यातल्या काहींचे खरंच चांगले होते. पण त्या सकाळी पेज जेवत, नाचणीची भाकरी खात, आणि गोडधोड सणावारी. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेले बटर-टोस्ट नव्हते. किडीला साखर किती यापेक्षा साखर किती वेळा, हे जास्त मानवतं. आणि ज्या आज्या चाळिशीतच बोळक्या झाल्या, त्यांचे फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

सोडायची म्हटलं की खरी अडचण वेगळीच निघते: मशेरीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. निकोटीनने आतडं हलतं, हे खरं आहे, पण ते काम कोमट पाणी, जेवणात भाजी आणि रोजची ठरलेली वेळ यांनी काही दिवसांत जमतं. डोकेदुखी आणि चिडचिड पहिले दोन-तीन दिवस जोरात असते, तीन-चार आठवड्यांत ओसरते. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप चालेल. सुपारी नको, मग ती श्रीवर्धनची रोठा का असेना. तिनेही कर्करोग होतो आणि तोंड उघडेनासं होतं. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट.

दुसरा मुद्दा: ‘डॉक्टरकडे दात साफ केले की ते हलायला लागतात.’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. साफ केल्यावर फटी जाणवतात, आठवडाभर गार पाणी झोंबतं, कधी दात हललासा वाटतो. पण तो आधीच हलत होता. दातांवरचा थर वेळेत निघाला नाही की त्याचा दगडासारखा टार्टर होतो, हिरडी सुजते, आणि त्या दोघांनी मिळून फट बुजवलेली असते. समुद्राने मुळाखालची माती नेलेला माड बुंध्याशी साठलेल्या कचऱ्याच्या जोरावर उभा राहत नाही. हाड अजून शाबूत असताना टार्टर काढला तर दात टिकतो. यंत्राचं टोक इनॅमल खरवडत नाही. कंपनं आणि पाणी यांनी टार्टर सुटतो.

तिसरा: ‘तुसाची राखुंडी, वर मीठ-लिंबू.’ भाताच्या तुसाच्या राखेत बहुतेक सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच. लिंबाच्या आंबटाने इनॅमल मऊ करायचं आणि लगेच वाळूने घासायचं! दात पांढरे दिसतात, कारण वरचा थर जातो, आणि तो परत येत नाही. मग हिरडीलगत खाचा पडतात. सोलकढी किंवा कोकम सरबत प्यायलात तरी साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.

बाकीचे भराभर. खोबरेल तेलाच्या गुळण्यांनी नुकसान नाही, पण ब्रशचं काम त्या करत नाहीत. लवंगेने ठणका तात्पुरता कमी होतो, कीड तिथेच राहते; लवंगेचं तेल थेट हिरडीवर ओतलंत तर भाजेल. वरचा दात काढल्याने नजर जात नाही: दाताची नस पाचवी, डोळ्याची दुसरी, दोघींचा संबंध नाही.

रोजचं काम एवढंच: मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री. रात्रीचा चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते. पेस्टमध्ये फ्लोराइड हवं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. नंतर थुंका, खळखळून धुऊ नका. ब्रश तीन महिन्यांनी बदला. तोंडात पांढरा चट्टा दिसला, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल, तर दुखत नसला तरी दाखवा.

आणि त्या सुनेसाठी: गरोदरपणात हार्मोन बदलल्याने हिरड्या साध्या थरानेही सुजतात, म्हणून रक्त येतं. त्यावर उपाय साफसफाईच. चौथा ते सहावा महिना त्याला सगळ्यात सोयीचा, पुढे पोट वाढलं की खुर्चीत उताणं पडवत नाही. तेव्हा रद्द केलेली वेळ याच महिन्यात परत घ्या, आणि कितवा महिना आहे ते डॉक्टरला जाताच सांगा.