समजा, घर्षण नाही

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी विषय निवडायचा फॉर्म ज्याने बनवला, त्याला मी कधी भेटलो नाही. पण 'पोहायला शिकतोस की पाण्यात उतरतोस, एक काय ते ठरव' असं तो स्वतःच्या मुलांनाही विचारत असणार. एकाच चौकटीत 'प्रगत गणित' आणि 'भौतिकशास्त्र' शेजारी शेजारी छापलेले, मधे 'किंवा', आणि खाली तंबी: फक्त एकावरच खूण करावी. यामागे काही खोल शैक्षणिक विचार असेल म्हणून चौकशी केली. विचार एवढाच निघाला, की दोन्ही तास एकाच वेळी होतात.

गॅलिलिओ १६२३ मध्ये लिहून गेला, की विश्वाचा ग्रंथ गणिताच्या भाषेत लिहिलेला आहे. त्याला वेळापत्रक बसवावं लागलं नव्हतं. आमच्याकडे ग्रंथ एका वर्गात होता, भाषा जिन्यापलीकडच्या वर्गात, आणि घंटा दोन्हीकडे एकदमच वाजायची.

घरी प्रश्न मांडला तेव्हा ज्याला त्याला आपापली शाळा आठवली. बाबा म्हणाले, "ज्यात मार्क मिळतात ते घे." मार्क दोन्हीत सारखेच पडत होते, म्हणजे कोणी विचारलेच तर बोलण्याचा विषय बदलावा इतपत. मामा म्हणाला, "गणित घे. गणितवाला कुठेही चालतो." मामा स्वतः गणितवाला. आईने मात्र मुद्द्याचं विचारलं, "यातल्या कशात घरी फोडाफोड कमी होईल?" चुंबक हवा म्हणून मी एकदा चालता रेडिओ उघडला होता, ते ती विसरली नव्हती.

मावसभावाने फिजिक्स घेतलं होतं. तो म्हणाला, "फिजिक्स म्हणजे एककं लावलेलं गणित रे." त्याच्या बहिणीने मॅथ्स घेतलं होतं. ती म्हणाली, "आणि मॅथ्स म्हणजे एककं काढून टाकलेलं फिजिक्स. 'मीटर प्रति सेकंद' लिहायचं राहिलं म्हणून इथे कोणी अर्धा मार्क कापत नाही." गणिताच्या बाजूने इतका भक्कम युक्तिवाद मी आजतागायत ऐकलेला नाही.

गणिताचा धसका घेतला असशील तर फॅरेडेकडे बघ, असंही एकाने सुचवलं. ते खरंच होतं. मायकेल फॅरेडेला गणित जवळपास येतच नव्हतं. त्याला चुंबकाभोवतीच्या बलरेषा नुसत्या डोळ्यांसमोर दिसायच्या; त्यांची समीकरणं पुढे मॅक्सवेलने मांडली. मी हे मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "फॅरेडे तुझ्या वयाचा असताना पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. तिकडेही बघायचं का?"

शेवटी शाळेनेच तोड काढली. दोन्ही विषयांचा एकेक नमुन्याचा तास होणार, एकाच वर्गात, लागोपाठ. बघा आणि ठरवा.

पहिले फिजिक्सचे सर आले. त्यांनी फळ्यावर लंबक काढला आणि बोलता बोलता एकेक गोष्ट नाहीशी करायला सुरुवात केली. समजा, दोरीला वजन नाही. समजा, गोळ्याला आकार नाही. समजा, हवा नाही. समजा, वरच्या खिळ्याशी घर्षण नाही. एवढं सगळं गेल्यावर लंबक तरी कशाला उरला, असं मला वाटलं, पण सर रंगात आले होते. मग त्यांनी 'साइन थीटा' लिहिलं, थीटा म्हणजे झोक्याचा कोन, त्यातला 'साइन' बोटाने पुसला आणि म्हणाले, "कोन लहान आहे. चालतं."

वर्गातल्या एकाने, चालतं म्हणजे नेमकं किती चालतं, असं विचारलं. सरांनी तिथेच आकडे काढून दाखवले. दहा अंशांचा कोन रेडियनमध्ये ०.१७४५, त्याचा साइन ०.१७३६. फरक अर्ध्या टक्क्याचा. "लंबकाचं यावाचून अडत नाही," सर म्हणाले, "तुमचं का अडतंय?"

पुढे तर कहर झाला. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे जाऊन परत यायला लागणारा वेळ, काढताना पायचा वर्ग आणि गुरुत्वाकर्षणाचा जी आमनेसामने आले. एक ९.८७, दुसरा ९.८. सरांनी दोघांवर काट मारली आणि उत्तर लिहिलं: दोन सेकंद. काट न मारता केलं तर २.०१ येतं. हा निव्वळ योगायोगही नाही, असं त्यांनी वर सांगितलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर ठरवताना एक सूचना अशी होती, की ज्या लंबकाचा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंतचा झोका बरोबर एक सेकंदाचा, त्याची लांबी म्हणजे एक मीटर. ती मान्य झाली असती तर ही काट कायदेशीर ठरली असती. पण १७९१ मध्ये फ्रेंचांनी पृथ्वीचा घेर हाताशी धरला, आणि तेव्हापासून तो लंबक मीटरला सहा मिलिमीटर कमी पडतोय. मला ही गोष्ट इतकी आवडली, की फॉर्म तिथल्या तिथे भरून टाकावासा वाटला.

घंटा झाली. सर फळा न पुसता गेले आणि गणिताच्या बाई आत आल्या.

फळ्यावर 'साइन थीटा बरोबर थीटा' होतं. त्याखाली 'पायचा वर्ग बरोबर जी' होतं. बाईंनी दोन्ही वाचलं, पण पुसलं नाही. पहिल्याच्या पुढे त्यांनी उणे थीटाचा घन भागिले सहा, अधिक वगैरे वगैरे अशी रांग लिहिली आणि शांतपणे विचारलं, "या बाकीच्यांचं काय केलं?" दुर्घटनेनंतर चौकशी व्हावी तसा सूर होता. दुसऱ्यावर त्या एवढंच बोलल्या, की फुटांत मोजलं तर जी बत्तीसच्या आसपास येतो, तेव्हा पायनेही फुगायचं असतं का?

मग त्यांनी एक आलेख काढला. डावीकडे रेघ अक्षाच्या खाली, उजवीकडे वर, मधे कुठेही तुटलेली नाही. "ही अक्षाला कुठेतरी छेदणार. का?" आम्ही म्हणालो, दिसतंय की. बाई म्हणाल्या, "दिसणं ही सिद्धता नव्हे." बोल्झानो नावाच्या गृहस्थाने १८१७ मध्ये एवढ्याच गोष्टीची सिद्धता लिहून काढली, हे ऐकून त्याच्या घरच्यांची मला दया आली. ज्या रेघेबद्दल कोणाची तक्रार नव्हती, तिच्यामागे हा माणूस कागद घेऊन लागला होता.

पण बाईंनी पुढचा प्रश्न टाकला. समजा, जगात फक्त अपूर्णांक आहेत. एक्सच्या वर्गातून दोन वजा करा. एक्स एक असताना उत्तर ऋण, एक्स दोन असताना धन. मधे शून्य कुठे येतं? वर्ग गप्प. शून्य येतच नाही, कारण दोनाचं वर्गमूळ अपूर्णांकात बसत नाही. रेघ खालून वर गेली आणि अक्षाला शिवलीच नाही! अंगावर काटा आला. आपल्याला 'दिसत' होतं ते मुळात कशाच्या जोरावर दिसत होतं, हा प्रश्न मला त्याआधी कधी पडला नव्हता आणि पडला नसता तर बरं झालं असतं, असंही वाटलं. कारण सर आवडले होते, आता बाईही आवडल्या. खोडून टाकावा असा एकही विषय शिल्लक राहिला नाही.

त्या रात्री लायब्ररीतून आणलेलं विज्ञानाच्या इतिहासाचं पुस्तक उघडून बसलो. तिथेही हेच भांडण. न्यूटन आणि लायबनिट्स यांनी कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस, उभं केलं, पण अतिसूक्ष्म म्हणजे नेमकं काय, हे धड कोणालाच सांगता येईना. १७३४ मध्ये बर्कली नावाच्या बिशपने यावरून गणितवाल्यांची यथेच्छ टिंगल केली. पाया पक्का व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं, कोशी आणि वायरश्ट्रास हे गणिती यावे लागले. धूमकेतू मात्र तोवर थांबला नाही. क्लेरो नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने त्याच कच्च्या पायावर बसून आकडेमोड केली आणि हॅलेचा धूमकेतू एप्रिल १७५९ च्या मध्यावर सूर्याजवळ येईल, महिनाभर इकडेतिकडे, असं सांगितलं. तो १३ मार्चला आला. आमच्या सरांनी 'चालतं' म्हणून सोडून दिलं असतं. बाईंनी उरलेल्या महिन्याचा हिशोब मागितला असता.

पण त्याच पुस्तकात मला माझी सुटका सापडली. वक्र अवकाशाची भूमिती रीमान नावाच्या गणितज्ञाने १८५४ मध्येच मांडून ठेवली होती. आइन्स्टाइनला गुरुत्वाकर्षणासाठी ती लागली तेव्हा १९१२ साल उजाडलं होतं आणि ते गणित त्याला येत नव्हतं. मग त्याने काय केलं? कॉलेजातल्या जुन्या मित्राला, मार्सेल ग्रोसमानला गाठलं. ग्रोसमान गणितवाला. म्हणजे दोन्ही विषय घ्यायची गरजच नाही. एक घ्यायचा आणि दुसऱ्या वर्गात आपला माणूस बसवायचा.

माझा ग्रोसमान बाकावर शेजारीच बसायचा. त्याला प्रयोगवही, तारा आणि विशेषतः तापलेल्या वस्तू यांचा तिटकारा होता. मी त्याला गणिताचं सौंदर्य समजावून सांगितलं, बोल्झानोची थोरवी सांगितली, आणि शेवटी एककं लिहावी लागत नाहीत हे सांगितलं. तेव्हा त्याने खूण केली. मी फिजिक्सवर केली.

नवीन पुस्तकं मिळाली. माझ्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण होतं सदिश, विकलन आणि संकलन. पानंच्या पानं, पण लंबकाचा पत्ता नाही. मी मित्राला शोधायला निघालो, तर तोच पुस्तक घेऊन समोरून येत होता. प्रगत गणिताच्या दुसऱ्या भागाचं नाव होतं गतिशास्त्र, आणि पहिल्याच उदाहरणात उतारावरून एक कण घसरत होता.

आम्ही जिन्यात बसलो. त्याने विचारलं, "इथे घर्षण का नाही?"

"समजा, नाही."

"असं कसं समजा? दिलंय का कुठे?"

मी उत्तर टाळून त्याला माझं गणित दाखवलं. त्यात सरांनी डीएक्स, म्हणजे तेच ते अतिसूक्ष्म, दोन्ही बाजूंनी सरळ खोडला होता, तो अपूर्णांकाचा छेद असल्यासारखा. मित्राने वही जवळ घेतली, बाईंसारखाच बघत राहिला आणि म्हणाला, "हे खोडता येतं असं कोणी सांगितलं?"

बरीच वादावादी झाल्यावर तोडगा निघाला. घर्षणाबद्दल त्याने काही विचारायचं नाही, डीएक्सबद्दल मला काही विचारायचं नाही. मी हात पुढे केला, तर तो म्हणाला, "थांब, आधी लेखी दे."