राऊटर भंगारात घालण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "फर्मवेअर अपग्रेडनंतर राऊटर चालू झाला नाही म्हणजे चिप जळली. रिसेट दीड मिनिट दाबून धरा: ३० सेकंद चालू असताना, ३० पिन काढून, ३० परत लावून. नाहीच उठला तर भंगारात घाला. पुढे कधीच अपग्रेड करू नका." माझ्याकडे दुरुस्तीला येणारे लोक हाच मेसेज दाखवतात, आणि तोवर काहींनी चांगला राऊटर टाकूनही दिलेला असतो.

चिप जळली, हे जवळजवळ नेहमीच खोटं. अपग्रेड अर्धवट राहिला की चिपवरचा मजकूर, म्हणजे राऊटर चालवणारं फर्मवेअर, तेवढा अपुरा राहतो. बूटलोडर, म्हणजे राऊटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम, फ्लॅशच्या (त्याच साठवणीच्या चिपच्या) वेगळ्या भागात असतो आणि बहुतेक मॉडेलांत नेहमीचा अपग्रेड त्याला हात लावत नाही.

परवा वडगावचे एक यंत्रमागवाले काका आले. "अपग्रेड लावला आणि मध्येच करंट गेला बघा. आता सगळे दिवे एकदम लागतात, विझतात, परत लागतात." असं होतं तेव्हा बूटलोडर बहुधा जिवंत असतो, फर्मवेअर उचलायला जातो, ते बिघडलेलं निघतं, की पुन्हा पहिल्यापासून. आधी अ‍ॅडॅप्टर बघितला, कारण १२ व्होल्टच्या जागी ९ व्होल्टचा लावला तरी हेच दिसू शकतं. तो बरोबर होता. मग केबलने लॅपटॉप जोडला, त्याला १९२.१६८.०.६६ हा पत्ता हाताने दिला (त्या मॉडेलला हाच लागतो), फायरवॉल बंद केली, टीएफटीपी सर्व्हर (केबलवरून फाईल पुरवणारा साधा प्रोग्राम) सुरू केला आणि रिसेट दाबून धरूनच पॉवर दिली. थोड्या वेळात स्क्रीनवर ओळ उमटली: राऊटर स्वतः फाईल मागत होता, नावानिशी. कंपनीच्या साइटवरून घेतलेल्या फाईलला तेच नाव दिलं आणि पुन्हा तसंच केलं. पाचेक मिनिटांत वायफाय दिसू लागलं.

रीत कंपनीगणिक बदलते. असूसमध्ये रेस्क्यू मोड असतो, डी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत ब्राउझरमध्येच रिकव्हरीचं पान उघडतं.

आता ते दीड मिनिट. ही युक्ती जुन्या राऊटरांवर डीडी-डब्ल्यूआरटी (कंपनीच्या जागी टाकायचं पर्यायी फर्मवेअर) वापरणाऱ्यांमधून आली. रिसेटने सेटिंग पुसली जातात, फर्मवेअर पुन्हा लिहिलं जात नाही. बटण कामाचं आहे, पण पलीकडे फाईल द्यायला लॅपटॉप हवा.

बूटलोडरच बिघडला असेल तर काम खरंच अवघड. तेव्हा राऊटर उघडून सिरियल जोडणी (बोर्डावर थेट तारा लावून बूटलोडरशी बोलणं) करावी लागते: टीएक्स (पाठवायची तार), आरएक्स (घ्यायची), ग्राउंड, ३.३ व्होल्टची पातळी, वेग बहुधा ११५२०० बॉड. व्हीसीसीची, म्हणजे वीज देणारी, तार जोडायची नाही. तिथेही गप्प असेल तर प्रोग्रामर नावाच्या यंत्राने चिप लिहायची, पण आधी जुन्या मजकुराची प्रत काढून. मॅक पत्ता (नेटवर्कवरची राऊटरची ओळख) आणि वायफायचं कॅलिब्रेशन (त्या राऊटरच्या रेडिओची जुळणी) सहसा त्याच चिपवर असतं.

'कधीच अपग्रेड करू नका' या सल्ल्याचा मला सगळ्यात राग येतो. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने निदान ५४ देशांतली ५ लाखांच्या आसपास उपकरणं धरली होती, त्यात घरगुती राऊटरच जास्त. त्यातल्या बऱ्याच उपकरणांतल्या त्रुटी आधीपासून माहीत होत्या. अपग्रेड कराच, फक्त वळवाच्या संध्याकाळी नको. राऊटर इन्व्हर्टरवर ठेवा, वायफायवरून न करता केबलने करा, आणि तळाच्या लेबलवरची आवृत्ती फाईलशी जुळवा. व्ही२ च्या राऊटरला व्ही३ ची फाईल चालत नाही, मॉडेलचं नाव तेच असलं तरी.

दुरुस्तीला आणाल तेव्हा अ‍ॅडॅप्टरही सोबत आणा.